तयार मॉडेल इंजिन पारखताना: आधी माप, मग चाल, रंग शेवटी

चुका काढणं पुणेकराला शिकवावं लागत नाही. मॉडेल रेल्वेत अडचण उलटी असते. खोक्यातून काढलेल्या इंजिनात जे जे खटकतं ते सगळंच चूक नसतं. काही गोष्टी लहान मापामुळे कराव्याच लागलेल्या तडजोडी असतात, काही ठिकाणी कारखान्याने सरळ पैसे वाचवलेले असतात, आणि उरतात त्या खऱ्या चुका. तडजोडींवर कुरकुर करून उपयोग नाही, वाचवलेल्या पैशांचा हिशेब किमतीत लावता येतो, आणि चूक मोठी असेल तर इंजिन परत करावं. हे तीन ढीग वेगळे कसे करायचे ते क्रमाने सांगतो. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात, आणि रंग चकचकीत, अक्षरं सुबक दिसली की माप घ्यायचं राहूनच जातं.

उदाहरणं मुख्यतः एचओ मापाची, म्हणजे १:८७ ची घेतली आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक हौशी मंडळी त्याच मापात आहेत. कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहिलं असेल तर हे माप डोळ्यांना ओळखीचं असेल. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं हे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. इंजिन विकत घ्यायच्या आधी तिथला एक खेळ गाड्यांच्या फक्त चालीकडे लक्ष ठेवून बघा. दिवे, डोंगर, सर्कस सगळं बाजूला ठेवायचं आणि गाडी सुटते कशी, थांबते कशी, सांध्यावरून (जिथे एका रुळाला दुसरा फुटतो तिथून) जाताना हिसका बसतो का, एवढंच पाहायचं. पुढे घरी कशाशी तुलना करायची ते त्यातून पक्कं होतं.

सामान थोडंच लागतं. एक डिजिटल व्हर्निअर कॅलिपर (बोहरी आळीत मिळतो), एक मल्टिमीटर (तपकीर गल्लीत), दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक मीटर लांबीची सरळ फळी आणि तिच्यावर ठोकलेला रूळ, एक वळण, एक सांधा, आणि १२ व्होल्टचा साधा डीसी कंट्रोलर. रूळ आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. घाणेरड्या रुळावर केलेली चाचणी रुळाची असते, इंजिनाची नव्हे.

१. हे नेमकं कोणतं इंजिन आहे?

"भारतीय रेल्वेचं इंजिन" एवढी ओळख पुरत नाही. वर्ग, क्रमांक, शेड (इंजिनाची देखभाल होते ते ठिकाण) आणि काळ या चार गोष्टी ठरल्याशिवाय अचूकतेबद्दल बोलताच येत नाही. डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ घ्या. पहिलं प्रवासी गाड्यांचं, दुसरं मालगाड्यांचं. डब्ल्यूएपी-७ हे डब्ल्यूएजी-९ वरूनच बेतलेलं. मुख्य फरक गिअरच्या प्रमाणात, आणि तो बाहेरून दिसत नाही. त्यामुळे एकाच साच्यातून दोन्ही मॉडेल काढली तर त्यात वावगं काही नाही. पण मग क्रमांक बरोबर हवा. डब्ल्यूएपी-७ ची मालिका ३०२०१ पासून सुरू झाली, डब्ल्यूएजी-९ ची ३१००० पासून. पांढऱ्या-लाल रंगाच्या डब्ल्यूएपी-७ वर ३१ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर बनवणाऱ्याने समोर फोटो ठेवून काम केलेलं नाही, हे समजून जावं. असा माणूस बाकी ठिकाणीही घाईच करतो.

दुसरा सापळा रंगरंगोटीचा. परदेशी इंजिनाच्या तयार बॉडीवर भारतीय रंग चढवून विकणं हा जुना धंदा आहे. डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ ही अमेरिकन घराण्यातली डिझेल इंजिनं असल्यामुळे अमेरिकन मॉडेलला निळा-पांढरा किंवा हिरवा रंग दिला की लांबून खपून जातं. ओळखायची सोपी खूण म्हणजे बफर, म्हणजे टोकाशी धक्का झेलणाऱ्या गोल तबकड्या. आपल्या इंजिनांना मधल्या कपलरच्या दोन्ही बाजूंना बफर असतात, अमेरिकन इंजिनांना नसतात. बफर नंतर चिकटवलेले असतील तर भिंगातून गोंदाचा डाग आणि तिरपेपणा दिसतो. अशी मॉडेल घेऊ नयेत असं नाही, स्वस्तात मिळाली तर जरूर घ्यावीत. मात्र किंमत रंगवलेल्या परदेशी इंजिनाची द्यावी, अचूक भारतीय मॉडेलची नव्हे.

फोटो जमवताना एक काळजी घ्या. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगलेला दिसतो आणि लांबी आखूड. तुलनेसाठी लांबून, झूम करून, बरोबर बाजूने घेतलेला फोटो लागतो. एकाच क्रमांकाचं इंजिन दहा वर्षांत दोन-तीन रूपं बदलतं हेही लक्षात असू द्या. मॉडेलच्या छतावरची जाळी फोटोतल्यापेक्षा वेगळी दिसली म्हणून चूक ठरवण्याआधी फोटो कोणत्या साली काढला ते पाहा.

२. कॅलिपर लावा

सगळ्यात खात्रीची चाचणी हीच. खऱ्या इंजिनाची मिलिमीटरमधली लांबी मॉडेलच्या लांबीने भागा. जो आकडा येईल ते मॉडेलचं खरं माप, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

डब्ल्यूएपी-७ ची बफरपासून बफरपर्यंतची लांबी २०,५६२ मिमी. १:८७ मध्ये ती २३६.३ मिमी यायला हवी. डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाची १७,१२० मिमी, म्हणजे मॉडेल १९६.८ मिमी. एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर मी सोडून देतो. बफरची स्प्रिंग दाबली तरी तेवढा फरक पडतो. दोन मिलिमीटरला भुवई वर जाते. डब्ल्यूएपी-७ चं मॉडेल २७० मिमी भरलं तर ते एचओ नसून ब्रिटिश ओओ, म्हणजे १:७६ मापाचं आहे. दोन्ही मापं एकाच १६.५ मिमीच्या रुळावर चालतात, म्हणून विकणारे "एचओ/ओओ" असं एका दमात लिहून मोकळे होतात. एकेकटं बघताना फरक जाणवत नाही. १:८७ च्या डब्यांपुढे १:७६ चं इंजिन जोडलं की मात्र कळतं.

आता खरी मजा. हाच भागाकार रुंदी आणि उंचीसाठीही करा. तिन्ही उत्तरं सारखी आली पाहिजेत. समजा लांबीचा आकडा ९१ आला आणि रुंदीचा ८६, तर इंजिन मुद्दाम आखूड केलं आहे, बहुधा घरगुती मांडणीच्या घट्ट वळणांवर फिरावं म्हणून. बाजारातली सर्वात घट्ट वळणं साधारण ३६० मिमी त्रिज्येची असतात आणि त्यावर सहा आसांच्या लांब इंजिनाचं टोक रुळाबाहेर बरंच लोंबतं. आखूड करणं ही तडजोड आहे, पण ती खोक्यावर सांगायला हवी. न सांगता केली असेल तर माझ्या हिशेबी ती चूकच.

चाकांचा व्यास मोजायला लोक विसरतात. डब्ल्यूएपी-७ चं नवं चाक १०९२ मिमीचं, झिजून १०१६ पर्यंत येतं. मॉडेलमध्ये १२.६ ते ११.७ मिमीच्या दरम्यान काहीही असेल तर बिनचूक म्हणा. १०.५ भरलं तर दुसऱ्याच इंजिनाची चाकं बसवली आहेत. वाफेच्या इंजिनात हा मुद्दा आणखी गंभीर होतो, कारण फ्लँज (चाकाची रुळाला धरून ठेवणारी कड) मोठी केली की शेजारची मोठी चाकं एकमेकांना घासतात आणि बनवणारा गुपचूप व्यास कमी करतो. डब्ल्यूपी वर्गाची चालक चाकं ५ फूट ७ इंचांची. मॉडेलमध्ये ती १९.६ मिमीच्या आसपास भरायला हवीत.

आणि आता ती तडजोड, जिच्यावर आपल्याकडे सगळ्यात जास्त वाद होतात. भारतीय ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमीचा. १:८७ मध्ये तो १९.३ मिमी व्हायला हवा. एचओचा तयार रूळ मात्र युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजसाठी, म्हणून १६.५ मिमीचा. म्हणजे आपलं प्रत्येक तयार एचओ इंजिन खऱ्या मापाने जवळजवळ २४ सेंटिमीटर अरुंद रुळावर उभं असतं. समोरून पाहिलं की बॉडी रुंद आणि पाय जवळजवळ, असं ते दिसतंच. १९.३ मिमीचा रूळ हाताने ठोकणारा पट्टीचा माणूस असाल तर गोष्ट वेगळी. तयार मॉडेल विकत घेणाऱ्याने हा दोष इंजिनाच्या नावावर लिहू नये. उलट आपल्या नॅरोगेजचं नशीब चांगलं. बार्शी लाइटचा ७६२ मिमी गेज १:८७ मध्ये ८.८ मिमी येतो आणि एन या आणखी लहान मापाचा ९ मिमीचा तयार रूळ त्याला जवळजवळ तंतोतंत बसतो.

चाकांच्या कडांचंही असंच. आपल्या रेल्वेच्या नव्या चाकाची फ्लँज २८.५ मिमी उंच, म्हणजे मॉडेलमध्ये फक्त ०.३३ मिमी. एवढी बारीक फ्लँज घरगुती रुळावर टिकणार नाही, म्हणून चांगल्या मॉडेलमध्येही ती साधारण दुप्पट असते. दुप्पट चालेल. जुन्या खेळण्यांत असते तशी मिलिमीटरच्या वर गेलेली फ्लँज मात्र नको. बारीक रुळावर ती आतल्या खिळ्यांवर आपटत जाते.

३. चेहरा आणि बोगी

मापं जुळली की इंजिन डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि समोरून बघा. वरून बघू नका, खऱ्या इंजिनाकडे आपण तसं कधी बघत नाही. पुढच्या काचांची उंची, त्यांच्यामधल्या खांबाची जाडी, काचांचा कल आणि हेडलाइटची जागा या चार गोष्टींवर चेहरा उभा असतो. काचेची चौकट अर्धा मिलिमीटर जाड झाली तरी इंजिन झोपाळलेलं दिसतं. इथे मी कडक आहे. हँडरेल बदलता येतं, छतावरचा वीज घेणारा पँटोग्राफ बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. काच बाहेरच्या पत्र्याशी सपाट बसली आहे की खाचेत आत गेली आहे, तेही पाहा. आत गेलेली जाड काच म्हणजे वाचवलेले पैसे.

बोगी (डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची फिरती चौकट) हे दुसरं ठिकाण, आणि इथे सामान्य गिऱ्हाईक बघतच नाही म्हणून कारखाने सर्रास हात मारतात. डब्ल्यूडीएम-२ ची, अॅल्को या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीची बोगी आठवा: तीन आस, पण त्यांच्यातली अंतरं असमान, मधला आस एका बाजूला सरकलेला. मॉडेलमध्ये तिन्ही आस समान अंतरावर असतील तर दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाची यंत्रणा खाली सरकवली आहे. बाजूच्या चौकटीवर स्प्रिंगा आणि ब्रेक सिलिंडर कितीही सुरेख कोरलेले असोत, पाया चुकलेला आहे. घोरपडीच्या डिझेल शेडभोवती वाढलेल्या कुणालाही हे दाखवा, तो दोन मिनिटांत सांगेल.

बॉडी आणि बोगी यांच्यामधली फट मात्र माफ करा. वळणावर बोगी फिरायला जागा लागते. पँटोग्राफच्या दांड्या जाड असतील तर त्याही माफ, कारण मापात बनवल्या तर पहिल्यांदा हाताळतानाच वाकतील. रिव्हेट मोजत बसण्याच्या मी विरुद्ध आहे. रिव्हेट बरोबर आणि काचा चुकीच्या, अशी मॉडेल बाजारात भरपूर आहेत.

४. चालवून बघा

इंजिन कपाटात ठेवायचं असेल तर हा भाग सोडून द्या. चालवायचं असेल तर निम्मी किंमत इथे आहे.

आधी वजन. अखंड धातूची चासी असलेलं मोठं एचओ इंजिन साधारण ३०० ते ४५० ग्रॅम भरतं. हातात घेतल्यावर ते पोकळ लागलं तर ओढायची ताकद कमी आणि रुळाशी संपर्कही कच्चा. मग यंत्रणा कशी आहे ते विचारा. मध्यभागी मोटर, दोन्ही टोकांना फ्लायव्हील (चाल एकसारखी ठेवणारी जड चकती), दांडीने दोन्ही बोगींतली चाकं फिरतात, ही चांगली मांडणी. एकाच बोगीत चपटी मोटर बसवलेली ही जुनी आणि स्वस्त.

रुळावर ठेवा आणि व्होल्टेज अगदी हळूहळू वाढवा. चांगलं इंजिन सरपटत सुटतं, झटका देऊन उडी मारत नाही. माझी कसोटी अशी: एक मीटर अंतर जायला एक मिनिट. १:८७ मध्ये हा वेग ताशी साधारण ५ किलोमीटर येतो, म्हणजे माणसाच्या चालीचा. या वेगाने न अडखळता दोन्ही दिशांना गेलं तर मोटर आणि गिअर उत्तम. वरच्या टोकाला ताशी १०० किलोमीटर म्हणजे मीटरभर अंतर सुमारे ३.१ सेकंदांत. पूर्ण व्होल्टेजवर इंजिन मीटर एका सेकंदात पार करत असेल तर गिअरचं प्रमाण खेळण्याचं आहे. आवाजाचा डिजिटल डीकोडर (रुळातून आलेले डिजिटल हुकूम समजून घेणारं सर्किट) आधीच बसवलेलं इंजिन साध्या डीसीवर जरा उशिरा सुटतं. तो दोष धरू नका.

विजेचा संपर्क तपासायला कागदाची चिठ्ठी पुरते. इंजिन चालू असताना आधी पुढच्या आणि मग मागच्या बोगीखाली चिठ्ठी सरकवा. सगळ्या चाकांतून वीज घेणारं इंजिन दोन्ही वेळा चालत राहतं. एका वेळी थांबलं तर फक्त एकच बोगी वीज घेते आहे, आणि सांध्याच्या प्लास्टिकच्या तुकड्यावर ते हमखास अडकणार. मल्टिमीटर अँपिअरवर लावून तारेत जोडा. आधुनिक मोटर मोकळी चालताना साधारण अर्ध्या अँपिअरच्या आतच राहते. आकडा एका दिशेला कमी आणि दुसरीकडे बराच जास्त येत असेल तर आत काहीतरी घासतंय. मग पूर्ण व्होल्टेजवर बोटाने क्षणभर इंजिन अडवा: चाकं रुळावर घसरली पाहिजेत. चाकं न घसरता मोटरच थांबली तर जास्त डबे लावल्यावर ती जळेल.

सांध्यावर अडखळणाऱ्या इंजिनाचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर कॅलिपरच्या वरच्या जबड्यांनी मोजा. एचओला ते १४.४ मिमीच्या आसपास हवं. सहाही आस मोजा, कारण पाच बरोबर आणि एक चुकलेला असं होतं.

ओढण्याची परीक्षा आपल्याच घाटाची घ्या. कर्जत-लोणावळा चढ १:३७ चा. मीटरभर फळीचं एक टोक २७ मिमी उचललं की बोरघाट तयार. त्यावर इंजिन किती डबे ओढतं ते मोजा. पूर्ण गाडी एकट्याने चढवली नाही तरी नाराज होऊ नका, खऱ्या गाड्यांनाही तिथे मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावावा लागतो. चार-पाच डबेही जड जात असतील तर मात्र वजन कमी आहे.

५. रंग आणि अक्षरं

रंग दिवसाउजेडी, खिडकीशी बघा. एलईडीच्या पांढऱ्या उजेडात लाल नारिंगी दिसतो आणि क्रीम पांढरा. पट्ट्यांच्या कडा भिंगातून सरळ दिसाव्यात, दरवाजाच्या खाचेत रंग पोचलेला असावा, प्लास्टिकचा भाग आणि शेजारचा धातूचा भाग एकाच छटेचे असावेत. रंगाचा थर इतका जाड नको की जाळ्या बुजतील.

अक्षरांच्या बाबतीत आपण परदेशी समीक्षकांच्या पुढे आहोत. देवनागरी न वाचता येणाऱ्या कारखान्यात छपाई झाली की जोडाक्षरं मोडतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, "कल्याण"मधला ल पाय मोडून एकटा उभा राहतो. शेडचं नाव, झोनची अक्षरं आणि दोन्ही बाजूंचे क्रमांक नीट वाचा. खऱ्या इंजिनावरची अक्षरंही रंगाऱ्यागणिक बदलतात, तेव्हा वळण थोडं वेगळं असलं तर चालतं. शुद्धलेखन चुकलं तर नाही.

६. जुनं घेत असाल तर

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरताना किंवा कुणाचा संग्रह मोडीत निघताना चांगलं इंजिन हाती लागू शकतं. तिथे तीन गोष्टी आधी बघा. एक, चासीवर केसासारख्या बारीक भेगा किंवा फुगवटा. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरे अशुद्धी राहिल्या तर ओतीव भाग वर्षानुवर्षं आतून फुगत आणि तडकत जातो; त्याला उपाय नाही, इंजिन खाली ठेवा. दोन, चाक फिरवताना ठराविक ठिकाणी टक्क असा आवाज. आसावरचं प्लास्टिकचं गिअर तडकलं आहे, सुटा भाग मिळत असेल तरच घ्या. तीन, इंजिन उलटं करून पोटाशी लांब धातूची पट्टी दिसते का पाहा. ती मारक्लिन या जर्मन कंपनीच्या तीन-वाहक पद्धतीची खूण आहे, आणि तसं इंजिन आपल्या दोन-वाहक डीसी रुळावर चालणार नाही.

पुण्याच्या पावसाळ्याचाही हिशेब धरा. जुन्या खोक्यातला फोम चिकट होऊन रंगाला लागलेला असतो, म्हणून इंजिन फोमसकट वेष्टनात दाखवत असतील तर बाहेर काढून सगळ्या बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

७. घरी आणल्यावर

मागवलेलं इंजिन परत पाठवायची मुदत थोडी असते, आणि परदेशातून आलेलं परत पाठवणं तर फारच महाग पडतं. खेळण्यांवरचं आयात शुल्कच २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर नेलं गेलं होतं, आणि एकदा भरलेलं शुल्क परत मिळवणं सोपं नसतं. तेव्हा पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढा, त्याच दिवशी मापं घ्या, आणि डबे न लावता मध्यम वेगाने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवा. नव्या गिअरमधलं वंगण पसरतं आणि सुरुवातीची खरखर बहुतेक वेळा कमी होते. त्यानंतर एक मीटर-एक मिनिटाची चाचणी पुन्हा घ्या. आकडा सुधारला नाही किंवा उलट बिघडला, तर लगेच विक्रेत्याला कळवा. बॉडी उघडून डीकोडर बसवण्याचं काम या सगळ्यानंतरच. उघडलेलं इंजिन परत घ्यायला कुणीच राजी नसतं.